आमच्याकडे वूफर आला

दिवाळीला चार दिवस असताना आमचे चिरंजीव पुण्याहून आले, ते छातीशी एक भलं थोरलं खोकं कवटाळूनच. जिना चढता चढता धापा टाकत होते. मला वाटलं, आईला ओव्हन आणला असेल. गेली दोन वर्षं मी केकच्या नावानं जप करतेय, तो कुठंतरी कानावर गेला असेल! हौसेनं कात्री आणली, पट्ट्या कापल्या, थर्माकोल बाजूला सारला, आणि आतून निघाला काय, तर एक काळा पेटारा. पुढून जाळी, मागे चार-दोन बटणं, आणि वजन म्हणाल तर सहज दहा किलो.

"सबवूफर आहे, आई. बाबांच्या सिस्टिमला जोडायचा. एकदा ऐक आणि मग बोल!"

मी काय बोलणार, कपाळ! दिवाळीचे दिवस, फराळाच्या डब्यांनाच जागा नाही, त्यात ही भर. शिवाय वूफर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं येतात त्या मिरवणुकीतल्या ट्रकवरच्या स्पीकरच्या भिंती. ट्रक समोरून जातो तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि काळीज घशात येतं. तेच आता पैसे मोजून घरात आणायचं?

आम्ही नगरला सावेडीत राहतो. (२०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पत्त्यावर मी तसंच लिहिते, पण बोलताना तोंडात नगरच येतं.) वरच्या मजल्यावर आम्ही, खाली भाडेकरू. मुलगा पुण्याला, म्हणजे घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी पहिल्यापासून आत्याबाई म्हणते. वय चौऱ्याऐंशी. हात-पाय अजून धड आहेत, देवाची कृपा, पण कानांनी दगा दिलाय. दिला म्हणजे कसा, तेच तर सांगायचंय.

मी स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तरी आत्याबाई ढिम्म. "जेवायला चला" म्हटलं तर "दळायला कशाला?" म्हणून विचारतात. आणि ह्यांनी बाहेरच्या खोलीतून खर्जातल्या आवाजात नुसतं "आई" म्हटलं, की लगेच "काय रे बाबा?" आता सांगा, सुनेनं ह्याचा काय अर्थ काढायचा? मी तोच काढला. लेकाचं ऐकू येतं, सुनेचं येत नाही! एक-दोन नाही, पाच-सहा वर्षं मी ही गाठ मनात बांधून बसले होते. धाकट्या जावेजवळ दोन-तीनदा बोलूनही दाखवलं. आत्याबाईही हळूहळू बोलेनाशा झाल्या. गल्लीतल्या भजनी मंडळात जायच्या, ते सोडलं. "काही समजत नाही, नुसतं ओठ हलताना बघायचे" म्हणाल्या. दिवसभर हॉलमधल्या दिवाणावर माळ घेऊन बसायच्या. टीव्ही लागला तरी त्यांचं लक्ष भिंतीकडे.

असो. भाऊबीज झाली, चिरंजीव "बाबा लावतील सावकाश" म्हणून गेले. ह्यांनी चष्मा लावून माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलं आणि शोकेसवर ठेवून दिलं. "रविवारी बघू." असे तीन रविवार गेले. रोज केर काढताना माझ्या पायाचा अंगठा त्या पेटाऱ्यावर आपटायचा. शेवटी एका दुपारी हे पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते, तेव्हा मी पदर खोचला.

मैत्रिणींनो, आधी ही वस्तू काय आहे ते सांगते, म्हणजे तुमच्याकडे आली तर माझ्यासारखा अंगठा ठेचून घ्यायला नको. आपले नेहमीचे स्पीकर असतात, त्यांना आवाज आणि ताकद दोन्ही अॅम्प्लिफायरकडून तारेनं मिळतात. ह्या वूफरच्या पोटात त्याचा स्वतःचा अॅम्प्लिफायर असतो. म्हणून त्याला दोन गोष्टी लागतात: भिंतीतल्या प्लगची वीज, आणि आवाजाची तार. नुसती वीज दिली तर दिवा लागतो आणि तो मुका बसतो. त्याचं काम एकच. अगदी खालचे, खर्जातले सूर वाजवायचे. माणसाच्या कानाला सेकंदाला २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज कळतात. ह्या कंपनांच्या मापाला हर्ट्झ म्हणतात. लहान स्पीकरची पुठ्ठ्याची वाटी खालच्या सुरांना पुरेशी हवा ढकलूच शकत नाही, ते काम हा मोठ्या वाटीचा वूफर करतो.

नवीन अॅम्प्लिफायरला मागे 'सब आउट' असं लिहिलेलं एक भोक असतं. तिथून वूफरच्या 'लाइन इन' किंवा 'एलएफई' लिहिलेल्या भोकात एक पिनेची तार घातली की काम संपलं. पण आमचा अॅम्प्लिफायर ह्यांनी १९८८ साली, पहिल्या बोनसमधून घेतलेला. त्याला कसलं सब आउट! चिरंजिवांना फोन लावला. ते मिटिंगमध्ये. पुन्हा माहितीपुस्तक काढलं, इंग्रजी अक्षरं लावत लावत वाचलं, तेव्हा कळलं की वूफरच्या पाठीवर 'हाय लेव्हल' नावाच्या चार खुंट्या आहेत, दोन लाल, दोन काळ्या. अॅम्प्लिफायरच्या ज्या खुंट्यांमधून स्पीकरला तारा जातात, तिथूनच आणखी एक-एक जोडी तार काढून वूफरच्या ह्या खुंट्यांना द्यायची. डाव्याची डाव्याला, उजव्याची उजव्याला, लालची लालला, काळ्याची काळ्याला. स्पीकर आहेत तसेच राहतात. ह्यानं अॅम्प्लिफायरवर भार येत नाही, कारण वूफर त्याच्याकडून ताकद घेत नाही, नुसतं काय चाललंय ते ऐकतो. (शेजारणीसारखा!) मात्र काही नव्या अॅम्प्लिफायरमध्ये ही जोडणी वेगळी करावी लागते, तेव्हा पुस्तकातली आकृती पाहिल्याशिवाय हात लावू नका.

सगळे प्लग आधी काढले, नुसती बटणं बंद केली नाहीत. तारेचं टोक सुरीनं सोललं. आत केसासारख्या तांब्याच्या तारा असतात, त्या शेवयांसारख्या विस्कटतात. एखादा केस जरी लालवरून काळ्यावर टेकला तरी अॅम्प्लिफायर जळू शकतो. म्हणून वात वळतो तशा बोटांनी घट्ट वळल्या. निरांजनाच्या वाती वळण्याचा सराव असा कामी येईल असं वाटलं नव्हतं.

हे करताना एक गंमत सापडली. उजव्या स्पीकरची लाल तार काळ्या खुंटीला आणि काळी लालला! मागं कधीतरी रंगकाम केलं तेव्हा तारा काढल्या होत्या, परत लावताना कुणीतरी उलट लावल्या. तारा उलट असल्या की एका स्पीकरची वाटी पुढं येते तेव्हा दुसऱ्याची मागे जाते, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे कित्येक वर्षं आमची गाणी पोकळ वाजत होती आणि आम्ही म्हणत होतो, हल्ली पूर्वीसारखी गाणी राहिली नाहीत! 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे संध्याकाळी ह्यांना विचारलं. ह्यांनी वर्तमानपत्र वर केलं.

प्लग लावले, बटण दाबलं, आणि "घूं..." एकसारखी. गाणं नाही, काही नाही, नुसती घूं. घाबरून बंद केलं. चौकातला वायरमन आला. त्यानं पाहिलं, म्हणाला, "काकू, ह्या तीन पिनांतली वरची जाडी पिन मोडून टाकतो, लगेच जाईल आवाज." मी म्हटलं, थांब रे बाबा! ती अर्थिंगची पिन. आमच्या माहेरी वॉशिंग मशीनचा शॉक लागून धाकटी बहीण मरता मरता वाचली, तेव्हापासून अर्थिंग काढा म्हणणाऱ्या माणसाला मी घरात पाणीसुद्धा विचारत नाही. तो गेल्यावर मी एकेक तार काढून बघितली. टीव्हीची केबल काढली आणि घूं बंद! झालं होतं असं, की वूफरचं अर्थिंग एका वाटेनं आणि गच्चीवरून येणाऱ्या केबलचं दुसऱ्या वाटेनं जमिनीला मिळत होतं. दोन वाटा झाल्या की मधल्या तारांतून विजेची ५० हर्ट्झची गुणगुण फिरत राहते. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेतली, केबलवाल्यानं तारेत आयसोलेटर नावाचं बोटभर डबडं बसवून दिलं, आणि घर शांत झालं. म्हणजे गाण्यापुरतं.

आता जागा. मी आपला तो कोपऱ्यात सरकवला, कारण झाडू मारायला सोपं. पण कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खालचा आवाज फुगतो. गाणं लावलं तर स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं खणखणायला लागली, आणि पाचव्या मिनिटाला खालच्या वहिनी वर. त्यांचा मुलगा दहावीला. बिचाऱ्या रागावल्या नाहीत, "वर काही पडलं का हो?" एवढंच म्हणाल्या. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्रकवरच्या भिंतींना नावं ठेवणारी मी!

रात्री चिरंजिवांचा फोन आला. त्यांनी सांगितलेली युक्ती ऐकून मला वाटलं, थट्टा करतोय. वूफर माणूस बसतो त्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं, आणि आपण खोलीभर जमिनीशी कान नेऊन रांगायचं. जिथं खालचे सूर भरीव आणि स्वच्छ ऐकू येतील, फुगलेले नाही आणि पोकळही नाही, ती त्याची जागा. दुसऱ्या दिवशी वूफर दिवाणाशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि मी फरशी पुसायला बसल्यासारखी रांगायला लागले. नेमके हे बाहेरून आले. "काय हरवलं? कानातलं?" म्हणून तेही वाकले. दोघंही पन्नाशी कधीच ओलांडलेली, आणि हॉलमध्ये रांगतोय! पण खरंच फरक कळत होता. एका जागी आवाज नाहीसाच व्हायचा, दोन हातांवर परत भरून यायचा. शेवटी शोकेस आणि खिडकी ह्यांच्या मध्ये, भिंतीपासून हातभर पुढं, त्याला जागा मिळाली. खाली जाड रबरी चटई घातली.

मागे 'फेज' नावाचा एक खटका असतो, शून्य आणि १८०. दोन्हीकडे करून बघायचं, बसायच्या जागेवरून जिकडे आवाज भरीव वाटेल तिकडे ठेवायचं. दुसरी एक चकती असते, कितीच्या खालचे सूर वूफरनं घ्यायचे ते ठरवणारी. ती ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करावी म्हणतात. फार वर नेली तर माणसांचे आवाज रांजणातून बोलल्यासारखे येतात. राहिलं आवाजाचं बटण. ते किती फिरवायचं हे मात्र कुठल्या पुस्तकात नाही, ते आमच्याकडे ठरलं ते असं.

कार्तिकी एकादशी मागेच होऊन गेली होती. त्या दिवशी मी सहज भजनाची सीडी लावली. आत्याबाई दिवाणावर माळ ओढत होत्या, नेहमीसारख्या भिंतीकडे तोंड करून. मृदंग सुरू झाला आणि त्यांची माळ थांबली. मान वळली. मला वाटलं, त्रास होतोय. बटणाकडे हात नेला, तर त्या म्हणाल्या,

"कणीक जास्त झालीय."

मी चक्रावले. पोळ्या तर सकाळीच झाल्या होत्या! "काय म्हणालात?"

"डाव्या पुडीला. कणीक जास्त झालीय ह्याची. घुमतंय नुसतं, बोल उमटत नाही."

आत्याबाईंचं माहेर प्रवरासंगमचं, नेवासे तालुक्यातलं, प्रवरा जिथं गोदावरीला मिळते ते. त्यांचे वडील गावच्या भजनात मृदंग वाजवायचे. एवढं मला ठाऊक होतं. पण वाजवायच्या आधी डाव्या पुडीला लावायची कणीक मळायचं काम ह्या सात-आठ वर्षांच्या पोरीकडे असायचं, हे मला त्या दिवशी कळलं. ओली कणीक थापली की पुडी जड होते, आणि जड झाली की सूर खाली उतरतो. थोडी काढली की चढतो. वडील थाप मारून बघायचे आणि म्हणायचे, काढ चिमूटभर, लाव चिमूटभर. मग रात्रभर सप्ताहात तो मृदंग, आणि ही देवळाच्या पायरीवर झोपलेली.

मी वूफरचं बटण जरासं मागे घेतलं. त्यांनी मान हलवली. अजून जरा मागे. "हां. आता बरोबर."

उठल्या, चालत आल्या आणि पेटाऱ्यावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. भजन संपेपर्यंत हलल्या नाहीत. मी बटणावर तिथंच एक टिकली चिकटवली. ती अजून आहे.

मला मात्र रात्री झोप लागेना. माझ्या चार हाका ऐकू येत नाहीत आणि कणीक जास्त झालेली ऐकू येते, हे काय गौडबंगाल? दुसऱ्या आठवड्यात हट्टानं कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासणी करून एक आलेख दाखवला. डावीकडे खालचे सूर, तिथं रेघ बरीच सरळ. उजवीकडे वरचे सूर, तिथं रेघ घसरगुंडीसारखी खाली गेलेली. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी कान जातात ते असेच, वरच्या सुरांकडून. आधी चिमण्या जातात, दाराची बेल जाते. बायकांचे, मुलांचे बारीक आवाज जातात. पुरुषाचा खर्जातला आवाज त्या मानानं टिकतो. शब्दांतले स, श, फ, त असले नाजूक उच्चार वरच्या सुरांत असतात, ते गळून पडतात. उरतात ते आ, ई, ऊ. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. ओरडून उपयोग नाही, ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं नाहीत.

माझा आवाज बारीक. लग्नात ह्याचंच कौतुक झालं होतं.

रिक्षातून येताना मी गप्प होते. घरी आल्यावर त्यांच्यासमोर बसले, तोंड त्यांच्याकडे करून, आवाज खाली आणून, सावकाश म्हटलं, "आत्याबाई, मला वाटायचं तुम्ही मुद्दाम माझं ऐकत नाही."

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, तू मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलतेस."

दोघींनाही हसू आलं, आणि दुसरंही काही आलं. ते इथं लिहीत नाही.

आता कानाचं यंत्र आणलंय. वूफर म्हणजे काही कानावरचा उपाय नव्हे, तेव्हा कुणी यंत्राऐवजी वूफर आणायला जाऊ नका! उलट बातम्या किंवा कीर्तनातलं निरूपण लागलं की आम्ही तो बंदच करतो, खालचा आवाज वाढला की शब्द त्यात बुडतात. यंत्राची सवय व्हायला वेळ लागतोय. सुरुवातीला त्या "भांडी फार वाजवतेस" म्हणून यंत्र काढून सुपारीच्या डबीत ठेवायच्या. आता जेवताना आणि पाहुणे आले की घालतात. भजनी मंडळात मात्र परत जायला लागल्या आहेत, मृदंगवाल्याच्या शेजारी बसतात. त्या बिचाऱ्याची धडगत नाही.

हाकांचंही सांगते. स्वयंपाकघरातून ओरडायचं मी सोडलंय. बाहेर येते, समोर उभी राहते, मग बोलते. पोळी तव्यावर असली तर ह्यांना पाठवते.

खालच्या वहिनींशी आम्ही वेळ ठरवून घेतली आहे, संध्याकाळी सात ते आठ. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे खरी, पण खर्जाच्या आवाजाचं नुसत्या आकड्यावर भागत नाही. ५० हर्ट्झच्या सुराची लाट जवळजवळ बावीस फूट लांब असते, आणि आमचा हॉल चौदा फुटांचा. ती भिंतीला कुठं जुमानणार! रबरी चटईनं थोडं कमी होतं, बाकीचं शेजाऱ्याला विचारूनच. मुलाची परीक्षा जवळ आली की आम्ही प्लगच काढणार आहोत.

परवा चिरंजीव पुन्हा आले. आल्या आल्या वूफरपाशी गेले, बटणावरची टिकली बघितली आणि आवाज वाढवला. दिवाणावरून लगेच आवाज आला, "कणीक!" त्यांना काही कळेना. मी सांगितलं नाही, आजीलाच विचार म्हटलं.